वाचकांचे प्रश्न : वस्तीतली पर्यावरणपूरक जत्रा

गेल्या दोन महिन्यांत मुंबईहून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला. सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानात किंवा गल्लीतल्या मंडपात एक दिवसाची पर्यावरणपूरक जत्रा भरवावी, घरातल्या लहानथोरांनी तेथे यावे आणि रोजचे राहणे कमी कचऱ्याचे आणि कमी उधळपट्टीचे कसे करता येईल हे प्रत्यक्ष पाहावे, अशी अनेकांची इच्छा आहे. त्यांतली सहा पत्रे संक्षेपाने येथे देऊन त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची आणि शेजारच्या दोन अशा तीन सोसायट्या मिळून जत्रा भरवणार आहोत. कार्यकारिणीतले काही सभासद म्हणतात की स्टॉलचे भाडे घेऊन विक्रेते बोलवावेत, म्हणजे खर्च निघेल. मला भीती वाटते की ते आणखी एक विक्री-प्रदर्शन होईल. जत्रेत नेमके काय असावे?
— कार्यकारिणी सभासद, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि ती सभेत स्पष्टपणे मांडावी, असे मी सुचवीन. पर्यावरणपूरक म्हणून विकली जाणारी वस्तूही कुठेतरी तयार होते, तिलाही कच्चा माल, पाणी आणि वीज लागते, आणि एके दिवशी तिचाही कचरा होतो. कापसाच्या पिकाला आणि कापडाच्या रंगाईला इतके पाणी लागते की कापडी पिशवी शेकडो वेळा वापरली तरच ती घेण्याला अर्थ राहतो. ज्या घराच्या दारामागे आधीच पंधरा-वीस पिशव्या लटकत आहेत, त्या घराला आणखी एक पिशवी विकून जत्रेने काय साधले? त्यापेक्षा घरून जुनी साडी किंवा चादर आणायला सांगावी आणि शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईंनी दहा मिनिटांत तिची पिशवी शिवून द्यावी. शिवून घेतलेली पिशवी माणूस सहसा विसरून येत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझे मत असे आहे की निम्म्याहून अधिक जागा दुरुस्ती आणि देवघेव यांना द्यावी आणि विक्रीला उरलेली जागा ठेवावी. दुरुस्तीसाठी माणसे फार लांबून आणावी लागत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर नाक्यावर बसणारे छत्रीवाले, चपला शिवणारे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे, मिक्सर आणि इस्त्री खोलून नीट करणारे, उसवलेली शिवण आणि अडकलेली चेन सरळ करून देणारे शिंपी ही सगळी माणसे आपल्याच वस्तीत आहेत. फक्त त्यांना गाठण्याची सवय सुटली आहे, आणि तेवढ्यात नवी वस्तू दारात येऊन पडते. त्यांची दिवसाची मजुरी सोसायट्यांनी आधी ठरवून द्यावी, सेवा म्हणून फुकट राबवू नये. कल्हईवाला मिळाला तर अवश्य बोलवावा. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून कथलाचा हात फिरताच भांडे चांदीसारखे उजळते, ते पाहायला मुले खिळून उभी राहतात. मात्र नवसागराचा धूर घशाला लागतो, म्हणून त्याची भट्टी मंडपाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी.

देवघेवीत शालेय पुस्तके, गणवेश, खेळणी आणि लहान मुलांच्या सायकली यांना सर्वाधिक मागणी असते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि मे महिन्यात अनेक कुटुंबे गावी गेलेली असतात, त्यामुळे वार्षिक निकाल आणि गावी जाण्याचे सामान बांधणे यांच्या मधला रविवार धरावा. ज्या इयत्तेचा अभ्यासक्रम बदलला आहे तिची पुस्तके आधीच वेगळी काढावीत, नाहीतर गोंधळ होतो.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या पत्त्यावर कित्येक वर्षांत आली नसेल, कारण इमारतीच्या फाटकावरच तिला अडवले जाते. तिने नेलेल्या साड्या-शर्टांची प्रतवारी होते, ते धुऊन-शिवून बाजारात पुन्हा विकले जातात, आणि जे अगदीच विरले आहे त्याची चिंधी कारखान्यांत पुसायला जाते. इतकी पूर्ण साखळी तयार असताना आपण ते कपडे कचऱ्यात टाकतो, याचे मला फार वाईट वाटते. तिला जत्रेत मानाची जागा द्यावी.

रद्दीवाला आणि कचरावेचक महिला यांनाही शिकवणारे म्हणून बोलवावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थेने कचरावेचक महिलांना संघटित करून वर्गीकरणाचे आणि खत करण्याचे प्रशिक्षण दिले आहे. अशा जाणत्या महिलांपैकी एखादीसमोर घरातली सुक्या कचऱ्याची पिशवी ओतावी आणि यातले काय विकले जाते, काय जात नाही, हे तिने सर्वांसमोर वेगळे करून दाखवावे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवली तर तिला दर मिळतो, पण वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ते कोणी घेत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये, नुसता चिरून लोंबता ठेवावा, कारण तो नखाएवढा तुकडा वेचला जात नाही आणि गटारात जातो. ही गोष्ट मला एका कचरावेचक बाईंनीच सांगितली आणि तेव्हापासून आमच्या घरी कोपरा वेगळा झालेला नाही.

विक्रेत्यांचे स्टॉल ठेवायचे तर प्रत्येकाला आधीच विचारावे की ही वस्तू घरातल्या कोणत्या वस्तूच्या जागी येईल, किती वर्षे टिकेल आणि मोडल्यास कोण नीट करून देईल. बांबूच्या टूथब्रशचा दांडा बांबूचा असला तरी त्याचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. हे विक्रेत्याने आपणहून सांगितले तर त्याला जरूर जागा द्यावी.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या गल्लीत झालेल्या अशाच एका कार्यक्रमात हिरव्या-निळ्या डब्यांची रांग होती, पण रात्री सगळे डबे एकाच गाडीत रिकामे झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. याबाबत नियम काय आहेत आणि हे टाळावे कसे?
— एक वाचक, दादर (पश्चिम)

उत्तर : हा अनुभव मलाही आला आहे. एका मेळ्यात आम्ही स्वयंसेवकांनी दिवसभर उभे राहून वेगळा केलेला कचरा रात्री झाडलोटीला आलेल्या माणसांनी मोठ्या काळ्या पिशव्यांत एकत्र कोंबला. चूक त्यांची नव्हती. सकाळपासून आम्ही येणाऱ्याजाणाऱ्या शेकडो माणसांशी बोललो होतो, पण ज्यांच्या हाती तो कचरा शेवटी जाणार होता त्यांच्याशी कोणीही बोलले नव्हते.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी आयोजकांवरच टाकली. त्यासाठी परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असेल, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे, ठरलेले शुल्क भरावे आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून नेमलेल्या यंत्रणेकडे सोपवावा, अशी तरतूद त्यात करण्यात आली. आपण महापालिकेच्या विभाग कार्यालयातील घनकचरा खात्याला पंधरा दिवस आधी लेखी कळवावे, सुक्या कचऱ्याची गाडी आपल्याकडे किती वाजता येईल हे विचारावे आणि त्या वेळेला एक जबाबदार माणूस तेथे उभा ठेवावा. ओला कचरा त्याच रात्री आपल्याच आवारातल्या खताच्या खड्ड्यात किंवा पिंपात गेला, तर गाडीचा प्रश्न निम्मा सुटतो.

डब्यांची रांग लावून ती एकटी सोडू नये. गर्दीत माणूस फलक वाचत नाही, तो हातातली वस्तू जवळच्या डब्यात टाकतो. म्हणून डब्यांची ठिकाणे थोडी ठेवावीत, समजा दोनच, आणि प्रत्येक ठिकाणी दोन मोठी मुले तासातासाने पाळी बदलून उभी करावीत. रात्री ओले, सुके आणि टाकाऊ यांचे वजन रद्दीवाल्याच्या काट्यावर करून आकडे फळ्यावर लिहावेत. पुढच्या वर्षी त्याच फळ्याशी तुलना करता येईल.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जात असल्यामुळे शाळेच्या मैदानात जत्रा भरवणाऱ्यांनी ध्वनिक्षेपकाचा विचारच सोडावा. दवंडी देणारा एक खड्या आवाजाचा माणूस पुरतो.

प्रश्न : आमचा महिला बचत गट थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि पियूष यांचा स्टॉल लावतो. प्लास्टिकच्या ताटल्या बंद झाल्या. आता कागदी घ्याव्यात, उसाच्या चिपाडाच्या घ्याव्यात की स्टीलच्या? धुण्याला पाणी लागते, असेही काहीजण म्हणतात.
— बचत गटाच्या सदस्या, गिरगाव

उत्तर : राज्य सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही एकदाच वापरायच्या वस्तूंवरील बंदी देशभर लागू झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे सापडले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना या बंदीचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

माझी पहिली पसंती स्टीलला आहे. लग्नकार्यासाठी भांडी भाड्याने देणारे आपल्या परिसरात आहेत आणि त्यांच्याकडून ताटल्या, वाट्या, पेले शेकड्याने मिळतात. पाण्याची काळजी योग्य आहे, पण वाहत्या नळाखाली धुण्यात आणि टपात धुण्यात फार अंतर आहे. ताटली आधी हाताने निपटून घ्यावी, मग साबणाच्या टपात, मग स्वच्छ पाण्याच्या पहिल्या टपात आणि शेवटी दुसऱ्या टपात बुडवावी. पहिल्या टपाचे पाणी गढूळ झाले की दुसरा टप पहिल्याच्या जागी सरकवावा आणि ताजे पाणी फक्त शेवटच्या टपात भरावे. ताटल्या निथळायला जाळी आणि पुसायला धुतलेली सुती फडकी एवढे सामान पुरते. धुणाऱ्या बाईंची मजुरी स्टॉलच्या खर्चात धरावी.

कागदी पेल्यांच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच त्यांतून चहा गळत नाही. तो पेला ना धड कागदात जातो, ना खतात. उसाच्या चिपाडाची किंवा पळसाच्या पानांची पत्रावळ खरोखरच कुजते, पण त्यासाठी ती खताच्या पिंपापर्यंत पोहोचली पाहिजे. इतर कचऱ्यात मिसळून ती देवनार किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीत गेली, तर तिचा पर्यावरणपूरकपणा वाटेतच संपतो. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे आणि २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर सगळ्या शहराने श्वासात घेतला होता. त्यामुळे स्टील शक्य नसेल तर पत्रावळ घ्यावी, मात्र ती कापून खतात घालण्याची व्यवस्था त्याच दिवशी असावी. थालीपिठाला खरे तर केळीचे पान पुरते, आणि पियूषसाठी लोकांनी घरून आपापला पेला आणावा, असे निमंत्रणातच लिहावे. पेला आणणाऱ्याला दोन रुपये कमी लावले तर बरेच जण आणतात.

पिण्याच्या पाण्यासाठी तोटीचे माठ ठेवावेत. बाटलीबंद पाणी पाहुण्यांच्या टेबलावरही नसावे. व्यासपीठावर बाटल्या दिसल्या की समोर बसलेल्या मुलांना दिवसभर सांगितलेले सगळे खोटे वाटू लागते.

प्रश्न : मुलांसाठी आम्ही दरवर्षी चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धा ठेवतो. मुलांना आता त्यात रस राहिलेला नाही. दुसरे काय करता येईल?
— शिक्षिका, बोरिवली (पूर्व)

उत्तर : मुलांना मोजायला द्यावे. मोजलेली गोष्ट त्यांची स्वतःची होते आणि घरी गेल्यावर ती ते मोठ्यांना ऐकवतात. एका टेबलावर जुना पंखा आणि नवा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, पंखा वॉटमापकाला जोडून ठेवावेत. जुना साधारण ७५ वॉट घेतो, नवा ३० च्या आसपास. फरक ४५ वॉटचा. पंखा रोज बारा तास चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी अधिक आणि महिन्याला सुमारे सोळा युनिट वीज वाचते. घरात पंखे किती, बिलात युनिटचा दर काय, हा पुढचा हिशेब मुलांनी घरून आणलेल्या वीजबिलावर स्वतः करावा. सुस्थितीतला जुना पंखा लगेच काढून टाकावा असा याचा अर्थ मुलांनी घेऊ नये, एवढे मात्र समजावून सांगावे. तो जळाल्यावर कोणता घ्यायचा, हे त्यांना आता कळलेले असेल.

दुसरा खेळ पाण्याचा. मुंबईला भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून पाणी येते. यांतले विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत, तुमच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत, पण त्यांचा वाटा अगदी थोडा आहे. जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसातून, म्हणजे शहापूर तालुक्यातून येते, आणि त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जमिनीवर खडूने मोठा नकाशा काढून मुलांनी जलाशयापासून आपल्या घराच्या नळापर्यंत चालत यावे आणि वाटेत हे सांगणारे कोणीतरी भेटावे. मग गळका नळ बसवलेल्या पिंपाखाली मोजपात्र ठेवून एका तासात किती पाणी साठते ते पाहू द्यावे आणि त्याच नळाची वॉशर त्यांच्याच हातांनी बदलून घ्यावी. दहा वर्षांच्या मुलीला वॉशर बदलता येते, याची घरातल्या मोठ्यांना कल्पना नसते.

प्रश्न : मागच्या एका जत्रेतून खताचे पिंप आणले. पंधरा दिवसांत वास येऊ लागला, अळ्या झाल्या, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि मी ते बंद केले. माझे काय चुकले?
— गृहिणी, चेंबूर

उत्तर : आपले फारसे काही चुकले नाही, पिंप विकणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितली. भाजीची देठे, साली, उरलेले अन्न यांत पाणी फार असते. त्यात कोरडे काही मिसळले नाही, तर ढीग चिकट होतो, आत हवा शिरत नाही आणि हवेवाचून कुजणाऱ्या अन्नाला वास सुटतो. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या वाळलेला पाला, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि आठवड्यातून दोनदा काठीने वर-खाली करावे. सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडल्याने काम लवकर सुरू होते. कचरा बारीक चिरून टाकावा, तेलकट रस्सा आणि मासळीची काटे-खवले पहिले दोन महिने तरी टाळावीत. मुंबईच्या पावसाळी हवेत कोरड्याचे प्रमाण आणखी वाढवावे लागते. अळ्यांची किळस वाटते हे मला समजते, पण त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, त्या माणसाला चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. कोरडे वाढवले की त्या कमी होतात. नीट जमले तर दीड ते दोन महिन्यांत काळसर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले खत तयार होते.

पाला विकत घेऊ नका. आपल्या आवारातल्या बदामाच्या, आंब्याच्या झाडांखालचा पाला सफाई कामगार रोज झाडतात. तो एका गोणीत साठवायला सांगा.

आयोजकांनाही येथे एक विनंती करतो. खताचे पिंप विकायचे तर घेणाऱ्याचे नाव आणि घरक्रमांक लिहून घ्यावा, आणि त्याच वस्तीतल्या, किमान वर्षभर खत करत असलेल्या एखाद्या गृहस्थांनी किंवा काकूंनी दहाव्या आणि विसाव्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन यावे. बहुतेक पिंपे याच दिवसांत बंद पडतात.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाची जत्रा जानेवारीत आहे आणि त्यातच संक्रांतीचे हळदीकुंकू ठेवले आहे. वाण म्हणून दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटले जातात. पर्याय सुचवावा.
— महिला मंडळाच्या अध्यक्षा, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : वाण लुटताना संख्या मोठी आणि किंमत कमी ठेवावी लागते, म्हणून प्लास्टिकचा डबा सोयीचा वाटतो. त्याच किमतीत रिठे-शिकेकाईची पुडी, पावशेर मटकी, कागदी पुडीत बांधलेले मेथी-कोथिंबिरीचे बी किंवा जुन्या साडीची शिवलेली छोटी पिशवी देता येते. तुळशीचे रोप द्यायचे असेल तर ते प्लास्टिकच्या काळ्या पिशवीतून काढून करवंटीत लावावे. संक्रांतीची सुगडे धारावीच्या कुंभारवाड्यातून थेट घेतली तर कुंभाराच्या हाती चार पैसे अधिक पडतील. पूजा झाल्यावर सुगड रात्रभर पाण्यात भिजवावे, तळाला खिळ्याने हळूहळू भोक पाडावे आणि माती-खत भरून त्यात मेथी पेरावी. पंधरा-वीस दिवसांत ती खुडण्याजोगी होते.